केसगळती: लोशन, गोळी, पीआरपी की ट्रान्सप्लांट?

जळगावात लग्नसराई तोंडावर आली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पंचविशीतली मुलं येतात. टोपी काढतात, कपाळाच्या दोन्ही बाजूंना मागे सरकलेले केस दाखवतात आणि विचारतात, "भाऊ, काही उपाय शे का?" उपाय आहेत. पण खिशाला परवडणारा आणि वर्षानुवर्षं निभावता येणारा उपाय वेगळा, आणि जाहिरातीत चमकणारा वेगळा. त्याआधी केस कशामुळे जाताहेत ते कळायला हवं.

रोज 50 ते 100 केस गळणं सर्वसाधारण आहे. टायफॉइड, डेंग्यू, बाळंतपण किंवा उपासमारीचं डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी मुठीने केस जातात. ही गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप आवरते, तिथे महागडी औषधं नकोत. बायकांमध्ये मात्र हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्यावं. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून रक्त कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी तपासणी करायचीच. रुपयाएवढा गोल चट्टा पडला तर ती चाई. ती किडा खाऊन होत नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. लसूण घासून कातडी भाजून घेण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. लहान चट्टे बऱ्याचदा आपले आप भरतात, नाहीतर डॉक्टर त्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. लहान मुलाच्या डोक्यात खाज, कोंडा आणि तुटके केस असतील तर बुरशी असू शकते. तिला पोटात घ्यायचं औषध लागतं.

बोअरच्या खाऱ्या पाण्याला सगळेच दोष देतात. त्याने केस राठ होतात, तुटतात, पण कपाळापासून मागे सरकणारं टक्कल त्याने पडत नाही. शेजारच्या बुलढाण्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत जानेवारी 2025 मध्ये माणसांना काही दिवसांतच टक्कल पडलं, तेव्हाही आधी पाण्यावरच संशय आला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी गव्हातल्या सेलेनियम या खनिजाच्या जास्तीच्या प्रमाणाकडे बोट दाखवलं. एका गावात अनेकांना एकदमच असं झालं तर दुकानात येऊ नका, आरोग्य केंद्राला कळवा.

आता घराण्यात चालत आलेलं टक्कल. इथेच खरी निवड करायची असते. डीएचटी या हार्मोनमुळे केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात.

मिनॉक्सिडिलचं लोशन बाहेरून लावायचं. पुरुषांना साधारणपणे 5 टक्क्यांचं, 1 मिलि, दिवसातून दोनदा. मुलं ते केसांना चोळतात, तिथेच चुकतं. भांग पाडून ड्रॉपरने थेंब कोरड्या टाळूवर पडला पाहिजे, मग हात धुवायचे आणि चार तास डोकं ओलं करायचं नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, घामात औषध वाहून जातं. म्हणून रात्रीचा डोस झोपण्याच्या बराच आधी आणि सकाळचा उन्हात निघण्याआधी पुरेसा वेळ ठेवून. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढलेली दिसते. ते औषध लागू पडण्याचंही लक्षण असू शकतं, पण इथेच पुष्कळ जण बाटली सोडून देतात. चार-सहा महिन्यांशिवाय निकाल सांगता येत नाही, आणि लावणं थांबवलं की मिळालेले केसही जातात.

फिनास्टराइडची 1 मिग्रॅची रोजची गोळी डीएचटीलाच आवर घालते. म्हणून पुरुषांचं टक्कल पुढे सरकू नये यासाठी माझ्या मते ती लोशनपेक्षा भारी ठरते, आणि दोन्ही मिळून आणखी. पण ती चिठ्ठीशिवाय मागू नका. काही जणांना कामेच्छा कमी होते, ताठरतेची तक्रार येते. मन खचणं, जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटणं अशाही नोंदी आहेत. तसं जाणवलं तर गोळी बंद करून लगेच डॉक्टर गाठा. मूल हवं असेल तर तेही आधी बोला. गर्भवती बाईने तुटलेल्या गोळीला हातही लावू नये. पन्नाशीनंतर प्रोस्टेट ग्रंथीसाठीची पीएसए ही रक्ततपासणी करताना ही गोळी चालू आहे हे सांगायला विसरू नका, कारण आकडा निम्म्यावर येतो.

पीआरपीत आपलंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेटचा भाग टाळूत टोचतात. काहींना फायदा होतो, पण प्रत्येक ठिकाणची पद्धत वेगळी आणि खर्च वारंवार. औषधं सोडून फक्त त्यावर पैसे घालायला मी सांगणार नाही.

ट्रान्सप्लांट म्हणजे डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढून पुढे लावणं, जशी मागच्या वावरातली रोपं काढून पुढच्या वावरात लावावीत. रोपांची संख्या वाढत नाही, जागा बदलते. लावलेले केस बहुधा टिकतात, पण आजूबाजूचे जुने केस गळतच राहतात. म्हणून औषध सुटत नाही. पंचविशीत घाईने केलं तर नंतर गरज पडेल तेव्हा डोक्याच्या मागे काढायला केसच शिल्लक नसतील. लावलेले केस आधी झडतात, नवे तीन-चार महिन्यांनी दिसायला लागतात, पूर्ण रूप यायला वर्ष जातं. लग्नाची तारीख दोन महिन्यांवर असेल तर हा मार्गच नाही. कोण करणार हे विचारा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये बजावलं आहे की यूट्यूब किंवा कार्यशाळा पाहून शिकणं या शस्त्रक्रियेला पुरेसं नाही.

कांद्याचा रस, भृंगराज तेल यांनी केस मऊ राहतील, पण डीएचटीचं टक्कल थांबतं याचा भक्कम पुरावा नाही.

विशीतल्या मुलाला मी लोशनपासून सुरुवात करायला सांगेन, गोळीचं डॉक्टरांशी बोलून ठरवायला, आणि सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच कोनातून काढलेले दोन फोटो शेजारी ठेवून पाहायला. भांग रुंद होत चाललेल्या बाईला आधी रक्ततपासणी, मग 2 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल. बाळाला अंगावर पाजत असेल तर तेही डॉक्टरांना विचारूनच. गळती काही वर्षं स्थिरावलेल्या चाळिशीतल्या गृहस्थाने ट्रान्सप्लांटचा विचार करावा, पैसे बाजूला असतील आणि औषध रोज घेण्याची तयारी असेल तर.