सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची तीस वर्षे शिकवणारा रविवारचा वर्ग : एक अभिप्राय

सोलापूरच्या सात रस्ता परिसरातील एका प्रशिक्षण केंद्रात दर रविवारी सकाळी दोन महिने चालणारा एक अभ्यासवर्ग भरतो. १९६८ पासून शतक संपेपर्यंत सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धती कशा घडत गेल्या आणि त्या काळातल्या संशोधकांना कोणते प्रश्न छळत होते, हा त्याचा विषय आहे. सोलापुरात संगणकाचे क्लास पुष्कळ आहेत. टॅली, जावा, पायथन यांच्या पाट्या नव्या पेठेपासून होटगी रस्त्यापर्यंत कुठेही दिसतात. पण नोकरीच्या जाहिरातीत कधी न येणारा हा विषय शिकवण्याचे धाडस दुसऱ्या कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी व्यापाऱ्यांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका लहान कंपनीत काम करते आणि रोजच्या कामाला उपयोग व्हावा एवढ्याच अपेक्षेने या वर्गाला गेले होते. तो उपयोग झाला. तो कशामुळे झाला हे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण केंद्राच्या माहितीपत्रकात या वर्गाचे खरे बलस्थान कुठेच सांगितलेले नाही.

पदवीच्या अभ्यासक्रमात हा विषय आम्ही सर्वांनीच शिकलेला असतो. वॉटरफॉल मॉडेलची, म्हणजे एक टप्पा संपवून मगच पुढच्याकडे जाण्याच्या पद्धतीची आकृती, त्याचे पाच फायदे, पाच तोटे आणि परीक्षेत आठ गुण, असे त्याचे स्वरूप असते. या वर्गात मात्र प्रत्येक पद्धत ज्या अडचणीतून जन्मली ती अडचण आधी समोर ठेवली जाते आणि पद्धतीचे नाव त्यानंतर येते. सुरुवात ऑक्टोबर १९६८ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेपासून होते. यंत्रे झपाट्याने मोठी होत होती, त्यांच्यासाठी लिहायचे प्रोग्रॅम त्याहून वेगाने अवघड होत होते, वेळ आणि खर्च यांचे अंदाज साफ कोसळत होते, आणि हे सगळे जमलेली जाणकार माणसे एकमेकांसमोर मोकळेपणाने कबूल करत होती. पुढच्याच वर्षी रोम येथे झालेल्या दुसऱ्या परिषदेत सिद्धांत मांडणारे आणि प्रत्यक्ष काम करणारे यांच्यातली दरी उघडी पडली. ती दरी वर्ग शिकवणाऱ्या सरांनी संपूर्ण वर्गभर नजरेआड होऊ दिली नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

अमेरिकी संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधावरचा तास तर अनेकांचे डोळे उघडणारा होता. टप्प्यामागून टप्पा घेत खाली उतरणारी वॉटरफॉलची जी आकृती आपण पाठ करतो, ती त्या निबंधात खरोखरच आहे. पण एवढ्यावर विसंबणे धोक्याचे आहे, चाचणी अगदी शेवटी आल्यामुळे मूळ आराखड्यातला दोष तिथेच उघडकीस येतो आणि मग सारे पुन्हा करावे लागते, असे रॉइस यांनी लगेच पुढे लिहिले आहे. काम नवे असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून पाहावी, असेही त्यांनी सुचवले आहे. इशारा गळून पडला आणि आकृती तेवढी पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिली, हे मूळ पाने समोर ठेवून दाखवल्यामुळे कोणाच्या मनात शंका उरली नाही.

या वर्गातला सर्वोत्तम भाग म्हणजे वर्गाच्या मध्यावर घेतली जाणारी कोड-तपासणी. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली इन्स्पेक्शनची, म्हणजे कोड एकत्र बसून ओळीओळीने तपासण्याची पद्धत इथे व्याख्यानाने नव्हे, तर प्रत्यक्ष करून शिकवतात. शहरातल्या एका टॉवेल कारखान्याने सुताच्या साठ्याचा आपला फॉक्सप्रो या नोंदी सांभाळणाऱ्या जुन्या भाषेतला प्रोग्रॅम, त्यातली सर्व नावे काढून, वर्गाला वापरायला दिला आहे. डॉट मॅट्रिक्सवर छापलेली, दोन्ही कडांना भोके असलेली त्याची लांबलचक पाने टेबलावर पसरली गेली आणि चौघांना भूमिका वाटून दिल्या: एक समन्वयक, एक प्रत्येक ओळीचा अर्थ स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगणारा वाचक, एक चाचणी घेणाऱ्याच्या नजरेने पाहणारा, आणि एक मूळ लेखकाच्या जागी बसणारा. बाकीच्यांनी भोवती उभे राहून ऐकायचे. नियम कडक होते. दोष फक्त नोंदवायचा, तो कसा दुरुस्त करावा यावर तिथे चर्चा करायची नाही. दोन तास झाले की थांबायचे, कारण त्यानंतर लक्ष राहत नाही. आणि निघालेल्या दोषांचा उपयोग लिहिणाऱ्याची पगारवाढ ठरवण्यासाठी कधीही करायचा नाही. नाहीतर पुढच्या वेळी दोष सापडणेच बंद होते.

त्या प्रोग्रॅममध्ये गोडाऊनला आलेल्या सुताच्या प्रत्येक लॉटला एक क्रमांक मिळतो आणि त्याची पहिली दोन अक्षरे म्हणजे वर्ष. मागांसाठी सूत काढताना सर्वांत जुना लॉट आधी जावा म्हणून यादी याच क्रमांकाने लावलेली आहे. १९९९ चे लॉट ९९ ने सुरू होत, म्हणून २००० साली ०० ने सुरू होणारे ताजे सूत यादीत सर्वांत वर आले असते आणि जुने तसेच पडून राहिले असते. त्या वेळी कोणीतरी यावर तोडगा काढला आणि ०० ऐवजी ‘ए०’ लिहायला सुरुवात केली. संगणकाच्या क्रमात रोमन अक्षरे अंकांच्या नंतर लागतात, त्यामुळे ए० आपोआप ९९ च्या खाली गेले. २०१० उजाडल्यावर ‘बी०’ आले. तोडगा हुशारीचा होता आणि त्यावर सुताची आवक-जावक वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली.

वाचकाच्या भूमिकेतला तरुण ओळी समजावून सांगत वर्षअखेरच्या अहवालापर्यंत आला आणि थबकला. तिथे तीच दोन अक्षरे ‘व्हॅल’ या फंक्शनने, म्हणजे ठरावीक काम करून देणाऱ्या तयार तुकड्याने, अंकात बदलून घेतलेली होती, आणि अक्षराने सुरू होणाऱ्या मजकुराला हे फंक्शन शून्य हे उत्तर देते. म्हणजे ए० असो, ए७ असो की बी३ असो, अहवालाच्या लेखी ते सगळे सूत एकाच, शून्य सालचे! एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेब पाहणारे गृहस्थ चाचणी घेणाऱ्याच्या जागी बसले होते. त्यांनी लगेच विचारले, “मग कोणता माल किती वर्षे पडून आहे, हे मालकांना कळायचे तरी कसे?” समन्वयकाने त्यांना नम्रपणे थांबवले, दोष क्रमांक, पान आणि ओळ लिहून घेतली आणि वाचकाला पुढे जायला सांगितले. हा नियम किती शहाणपणाचा आहे हे त्या क्षणी समजले, कारण त्या प्रश्नावर वाद सुरू झाला असता तर पुढच्या पानांवरचे दोष त्या सकाळी हाती लागले नसते.

संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांचा १९७२ चा निबंध सरांनी मुद्दाम या तपासणीनंतर घेतला. प्रोग्रॅमचे भाग पाडताना कामाच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नयेत. उद्या बदलण्याची शक्यता असलेला एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा आणि बाकीच्या भागांना त्याची गंधवार्ताही लागू देऊ नये, असे पार्नास सांगतात. लॉट-क्रमांकाची पहिली दोन अक्षरे म्हणजे वर्ष, ही गोष्ट किती ठिकाणी गृहीत धरली आहे ते लाल पेन्सिलने खुणा करून शोधा, असे सरांनी सांगितले. सूत नोंदवणारा भाग, सूत देणारा भाग, अहवाल, शिल्लक मोजणीची यादी, जुनी नोंद शोधण्याचा पडदा: पानोपानी लाल खुणा पडत गेल्या. वर्ष काढून देणारे एकच फंक्शन असते आणि सर्वांनी त्यालाच विचारले असते, तर तोडगा एका जागी बसला असता आणि अहवालही बरोबर आला असता. पाठ्यपुस्तकात ‘माहिती झाकणे’ या शीर्षकाखाली चार कोरड्या ओळी असतात. या खुणा स्वतःच्या हाताने केलेला माणूस ती गोष्ट विसरणार नाही, असे मी खात्रीने सांगते.

याच पानांवरून संगणकशास्त्रज्ञ मेइर लेमन यांच्याकडे वळणे सोपे गेले. आयबीएमच्या ओएस/३६० या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एकामागून एक निघालेल्या आवृत्त्यांचा लेमन आणि लॅझ्लो बेलाडी यांनी अभ्यास केला. वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलावाच लागतो, आणि मुद्दाम मेहनत घेतली नाही तर प्रत्येक बदलाने त्याची गुंतागुंत वाढत जाते, हे दोन नियम त्यातून सत्तरच्या दशकात पुढे आले. १ एप्रिल २००५ ला राज्यात व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी, तेव्हा सोलापुरात हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे दोन्ही नियम अंगावर झेललेले आहेत.

अपघातांवरच्या तासात थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राला दिलेला वेळ अगदी योग्य होता. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राने सहा रुग्णांना किरणांची प्रचंड जादा मात्रा दिली आणि त्यांतील काहींचा मृत्यू झाला. आधीच्या यंत्रात धोक्याच्या वेळी किरण अडवणारी स्वतंत्र विद्युत-यांत्रिक व्यवस्था होती. नव्या यंत्रात ती काढून तिचे काम सॉफ्टवेअरवर सोपवले गेले, आणि जुन्या यंत्रातही दडलेला दोष तेव्हा कुठे माणसांपर्यंत पोहोचला. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर या संशोधकांनी १९९३ मध्ये केलेल्या विश्लेषणाच्या आधारे सरांनी हे इतके शांतपणे आणि क्रमाने सांगितले, की एका ओळीच्या चुकीवर सारा दोष ढकलून मोकळे होण्याची आपली सवय तिथल्या तिथे मोडली. ४ जून १९९६ च्या एरियन-५ रॉकेटच्या स्फोटाकडे मात्र घाईने पाहिले गेले. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, एवढे सांगून विषय संपला. एरियन-४ साठी लिहिलेला तो भाग नव्या रॉकेटच्या वेगळ्या मार्गाचा पुन्हा विचार न करता तसाच उचलला गेला होता, आणि ज्या गणिताने घात केला त्याची उड्डाणानंतर तिथे गरजच नव्हती. पुनर्वापराची चर्चा १९६८ पासून करणाऱ्या वर्गात या मुद्द्याला जागा मिळायलाच हवी होती.

जॉन नाइट आणि लेव्हसन यांचा १९८६ चा प्रयोग मला पूर्णपणे नवा होता. एकच काम वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे लिहायला द्यावे आणि बहुमताचे उत्तर धरावे, म्हणजे एकाची चूक दुसरा झाकेल, असा त्या काळात भरवसा होता. दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनी एकाच कामाचे २७ प्रोग्रॅम लिहिले, त्यांच्यावर दहा लाख चाचण्या चालवल्या गेल्या, आणि निरनिराळे प्रोग्रॅम एकाच वेळी चुकण्याचे प्रमाण स्वतंत्र चुकांच्या गृहीतकात बसेना इतके जास्त निघाले. सॉफ्टवेअरविषयीचा एखादा समज प्रयोगाने तपासता येतो, हे यातून ठसते. पद्धतींच्या नावांवरून वाद घालण्यात ज्यांची वर्षे गेली, अशा आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनी हा तास जरूर ऐकावा.

वर्गाची कमकुवत बाजू शेवटच्या भागात आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९१ मध्ये मांडलेल्या सीएमएम या, कंपनीची काम करण्याची पद्धत किती परिपक्व आहे ते पाच पातळ्यांवर मोजणाऱ्या आराखड्याचा भारतीय कंपन्यांवर खोल परिणाम झाला. तरीही तो भाग पडद्यावर पाच पायऱ्या दाखवून आटोपला गेला. प्रक्रिया लिहून ठेवल्याने काम खरोखर सुधारते की फक्त कागद वाढतात, हा नव्वदच्या दशकातला अतिशय गंभीर वाद होता आणि त्याची दुसरी बाजू ऐकायलाच मिळाली नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे पुण्याचा उल्लेखही झाला नाही. १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये याच विषयावर, विशेषतः प्रोग्रॅमचे यंत्राकडून विश्लेषण करणे आणि आराखड्यावरून कोड तयार करणे यांवर, मोठे संशोधन झाले. सकाळी रेल्वेने निघून गाठता येईल अशा शहरातले हे काम सोलापूरच्या विद्यार्थ्यांना सांगितले गेले, तर संशोधन म्हणजे फक्त अमेरिकेत आणि युरोपात घडणारी गोष्ट, हा समज दूर होईल.

शिकवण्याची भाषा मराठी आहे. शहराच्या पूर्व भागातली काही मुले आपापसांत तेलुगूत बोलून शंका पक्की करत आणि मग मराठीत विचारत; सर त्यांना पुरेसा वेळ देत. सांगताना सर मूळ निबंधांतले उतारे समोर ठेवतात आणि ऐकीव गोष्टी सांगत नाहीत. वाटलेल्या झेरॉक्स प्रती मात्र इतक्या फिकट आहेत की आकृत्यांमधली अक्षरे लागत नाहीत. वीज गेली की पडद्यावरचे सगळे थांबते, तेव्हा छापील प्रती स्पष्ट असणे गरजेचे आहे. फी या शहराच्या मानाने थोडी जास्त आहे, पण कोड-तपासणीची ती एक सकाळ धरली तरी मला ती वाजवी वाटते.

किमान वर्षभर दुसऱ्याने लिहिलेला कोड सांभाळलेल्या माणसाने या वर्गाला अवश्य जावे. कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातल्या मुलांनी थोडे थांबावे, कारण लाल खुणांची ती पाने समजायला आधी अशा एखाद्या प्रोग्रॅमशी झुंजलेले असावे लागते. पुढची तुकडी दिवाळीनंतर सुरू होणार असल्याचे केंद्राने सांगितले आहे. त्या वेळी सीएमएम आणि पुण्याचे संशोधन यांना मिळून एक पूर्ण रविवार द्यावा, आणि टॉवेल कारखान्याच्या प्रोग्रॅमची उरलेली पानेही तपासणीला घ्यावीत, अशी विनंती मी केंद्राकडे लेखी केली आहे.