टॅमॉक्सिफेन की अरोमाटेज रोधक: इस्ट्रोजेनचा संदेश कोठे तोडायचा?

स्तनाच्या कर्करोगाच्या अहवालात ‘ईआर पॉझिटिव्ह’ असा शेरा असेल, तर त्या गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेनचे ग्राही (त्याचा संदेश स्वीकारणारी प्रथिने) आहेत आणि त्या तगून राहण्यासाठी बहुधा याच संप्रेरकाचा आधार घेतात, असा त्याचा अर्थ होतो. शस्त्रक्रियेनंतर किमान पाच वर्षे रोज घ्यायची गोळी कोणती, हा प्रश्न तेथून सुरू होतो.

इस्ट्रोजेन पेशीत शिरून ग्राहीला चिकटते, अशा दोन ग्राहींची जोडी डीएनएवर बसते आणि काही जनुकांचे काम वाढते. त्यांपैकी बीसीएल-२ या जनुकाचे प्रथिन मायटोकॉन्ड्रियातून (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांतून) पेशीमृत्यूची प्रक्रिया सुरू करणारे सायटोक्रोम-सी बाहेर पडू देत नाही, आणि त्यामुळे पेशीचा नियोजित मृत्यू टळतो. तरीही गाठीत बीसीएल-२ आढळले म्हणून घाबरून जाऊ नये. स्तनाच्या कर्करोगात ते बहुधा बऱ्या भवितव्याचेच लक्षण ठरते, कारण ग्राही खरोखर कार्यरत असल्याची आणि म्हणून औषध लागू पडण्याची शक्यता त्यातून दिसते.

टॅमॉक्सिफेन ग्राहीची जागा अडवते. इस्ट्रोजेन रक्तात असतेच, पण स्तनाच्या पेशीत त्याचा संदेश पोहोचत नाही. हेच औषध गर्भाशयाच्या अस्तरात मात्र काहीसे इस्ट्रोजेनसारखे वागते, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडांनाही त्याचा आधार मिळतो. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन हे अरोमाटेज रोधक, इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अरोमाटेज या विकराला अडवून, ते तयार होण्याची वाटच बंद करतात. त्यामुळे कर्करोगावर त्यांचा वचक अधिक असला, तरी हाडे झिजतात आणि सांधे दुखतात.

रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. पाच वर्षांच्या उपचारानंतर दहा वर्षांत या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांत 14.2 टक्के, तर अरोमाटेज रोधक घेणाऱ्यांत 12.1 टक्के होते. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अनुक्रमे 1.2 आणि 0.4 टक्के स्त्रियांना झाला. अस्थिभंगाचे पाच वर्षांतील प्रमाण मात्र 5.5 विरुद्ध 8.2 टक्के, म्हणजे उलटे निघाले. म्हणून रजोनिवृत्तीनंतर माझा कौल अरोमाटेज रोधकाच्या बाजूने आहे, अर्थात हाडांची घनता आधी तपासून. हाडे फारच ठिसूळ असतील किंवा सांधेदुखीने गोळी सुटू लागली असेल, तर टॅमॉक्सिफेनकडे वळणे मुळीच कमीपणाचे नाही. पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, तर मात्र टॅमॉक्सिफेन शक्यतो टाळलेले बरे.

पाळी चालू असताना हिशेब बदलतो. अंडाशये काम करत असतील, तर एकटा अरोमाटेज रोधक पुरा पडत नाही. इस्ट्रोजेन घटले की मेंदूकडून त्यांना ते अधिक जोमाने बनवण्याचा इशारा जातो. तेथे टॅमॉक्सिफेन घ्यावे, किंवा पुनरुद्भवाचा धोका जास्त असल्यास अंडाशये शांत करणाऱ्या इंजेक्शनसोबत अरोमाटेज रोधक घ्यावा. केमोथेरपीमुळे पाळी थांबली म्हणजे रजोनिवृत्ती झालीच असे नव्हे, विशेषतः चाळिशीच्या आत. कित्येकींची अंडाशये काही महिन्यांनी पुन्हा जागी होतात. अशा वेळी संप्रेरकांची रक्ततपासणी न करता केवळ पाळीच्या भरवशावर गोळी बदलू नये, आणि टॅमॉक्सिफेन घेताना नैराश्यासाठी पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन चालू असेल तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण यकृतात टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होण्यात ती अडथळा आणतात.