ट्रेलरचं सीलिंग रिपेअर करून घेतलं, ओल मात्र आतच

ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) असेल तर हे वाचाच, मी चांगलाच फसलोय. बेडच्या वर सीलिंगला तपकिरी कडेचा डाग पडला होता, अंगठा दाबला की प्लाय आत जायचा. रिपेअरवाला आला, खालूनच डाग बघितला, म्हणाला "सोपं आहे, नवीन प्लाय टाकतो, वरून सील मारतो, दोन दिवसात मोकळे." शिडी न लावता याला पाणी कुठून येतंय ते कळलं कसं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण पावसाच्या आधी उरकायची घाई, निम्मे पैसे दिले आणि दोन दिवस तिकडे फिरकलोही नाही.

काम झाल्यावर सीलिंग पांढरंशुभ्र. सडकं लाकूड काढल्याचे फोटो मोबाईलवर दाखवले, मी उरलेले पैसेही देऊन टाकले. दोन पाऊस झाले आणि परत तोच कुबट वास, म्हटलं बंद ठेवल्यामुळे असेल (माणूस स्वतःला काय काय समजावतो). मग एका रात्री थेंब थेट कपाळावर.

शेवटी तिथला दिवा खोलला. स्क्रू ड्रायव्हर लागलाच नाही, नखाने फिरवला तर स्क्रू हातात आला, त्याला काळा ओला भुसा चिकटलेला. भोकात बघतो तर प्लायचे दोन थर, खाली नवा आणि त्याच्यावर तोच जुना डागवाला, वरचं इन्सुलेशन पिळलं तर पाणी निघालं! म्हणजे काढलं काहीच नाही, सडक्यावर झाकण ठोकलं. फोटो झूम केले, त्यातल्या ट्रेलरला स्कायलाइट आहे, माझ्याला नाहीच.

वर चढलो तर व्हेंटभोवती (छतातलं हवा जायचं भोक) साधं सिलिकॉन, तेही जुन्या तडकलेल्या सीलंटवरच. माझं छत ईपीडीएम नावाच्या रबराचं, त्याला सिलिकॉन धरत नाही, ओढली तर अख्खी पट्टी निघाली. तिथे जुनं खरवडून खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) आणि वर लॅप सीलंट (कडांवर लावायचं छताचं खास सीलंट) लागतं. त्यात पाणी व्हेंटमधून येतच नव्हतं, कडेच्या पट्टीच्या स्क्रूमधून शिरून आडव्या लाकडावरून वाहत बेडपर्यंत यायचं.

काम देणार असाल तर नवीन प्लाय लागायच्या आधी स्वतः जाऊन बघा, मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजायचं यंत्र) लावायला सांगा, लाकूड 20 टक्क्यांच्या वर ओल दाखवत असेल तर सीलिंग बंद करू देऊ नका, आणि छतावर पाइपने पाणी सोडून बघितल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

त्या रिपेअरवाल्याला फोन केला तर म्हणे हे नवीन लीकेज आहे, याचे वेगळे पैसे पडतील.