ऑटो टॉप ऑफ, आठ महिने वापरून: इंदूरच्या हवेत रीफ टँकची सॅलिनिटी

टँक आणि संप (टँकखालची फिल्टरची टाकी) मिळून २०० लिटर खारं पाणी, त्यात झोआ, मशरूम, एक मोठं लेदर अशी प्रवाळं आणि क्लाउनफिशची जोडी. ऑटो टॉप ऑफचा (एटीओ, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी आपोआप गोडं पाणी भरणारं यंत्र) संच साधाच आहे: ऑप्टिकल सेन्सर, त्याच्या वर राखीव फ्लोट स्विच, १२ व्होल्टचा छोटा पंप आणि कंट्रोलर. फेब्रुवारीत बसवला. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झाले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

खोक्यावर काहीही छापलेलं असो, या यंत्राला मिठाचं काही कळत नाही. त्याला फक्त पाण्याची पातळी कळते. उडतं ते पाणी आणि मीठ मागे राहतं, म्हणून पातळी राखली की सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, बहुतेक राहते. सगळी गंमत त्या ‘बहुतेक’मध्ये आहे.

मे महिन्यात इथली कोरडी हवा आणि टँकवर लावलेला पंखा मिळून दिवसाला ४ ते ५ लिटर पाणी उडवतात. ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) असलेल्या २०० लिटरमधून ४ लिटर गेले की ३५.७ होतं. दोन दिवस कुणी लग्नाला उज्जैनला गेलं आणि पाणी घालायचं राहिलं, की जवळजवळ ३६.५. ऑगस्टमध्ये हेच उडणं दीड लिटरवर येतं. हा चढउतार यंत्राने बिनबोभाट सांभाळला, त्याबद्दल पूर्ण मार्क.

सेन्सर संपमधल्या रिटर्न पंपाच्या (पाणी टँकमध्ये परत पाठवणाऱ्या) कप्प्यातच लावा. बाकीच्या कप्प्यांची पातळी आडव्या काचांमुळे हलत नाही, सगळी घट याच कप्प्यात दिसते. मात्र फिल्टर सॉक (कचरा गाळणारी पिशवी) तुंबला तर पहिल्या कप्प्यात पाणी साठतं, रिटर्नचा कप्पा उतरतो आणि यंत्र पाणी उडालं समजून गोडं पाणी ओततं. ३ लिटर जास्त गेले तरी ३४.५. सॉक दर चौथ्या दिवशी बदलायला लागल्यावर हे थांबलं. वीज जाऊन आल्यावर रिटर्नचा कप्पा क्षणभर उतरतो तेव्हाही पंप चालतो, पण तेवढ्याने काही बिघडत नाही. पातळी उडून खाली येईपर्यंत तो पुन्हा सुरूच होत नाही.

गोड्या पाण्यासाठी २० लिटरचा जार पुरतो. मोठा ड्रम ठेवायचा मोह टाळा. पंप अडकून अख्खा जार रिकामा झाला तरी ३५ चं ३१.८ होतं. हेही वाईटच, पण ५० लिटरचा ड्रम थेट २८ वर नेईल. कंट्रोलरवर पंपाची कमाल वेळ ठरवता येते. आधी बादलीत मोजून पाहा, पंप मिनिटाला किती टाकतो ते. लिटरभर टाकत असेल तर दोन मिनिटं भरपूर. नळीचं तोंड संपमधल्या आणि जारमधल्याही पाण्याच्या वर, हवेत मोकळं हवं. ते जारमधल्या पातळीपेक्षा खाली असलं, तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येतच राहतं. शंभरातल्या नव्वद ‘एटीओने घात केला’ तक्रारींमागे ही नळी असावी.

सेन्सरच्या टोकावर तीनेक आठवड्यांत मिठाचा पांढुरका पापुद्रा आणि हिरवट शेवाळ चढतं. गोगलगाय बसली तर यंत्राला वाटतं पाणी आहे, आणि ते भरणंच थांबवतं. सेन्सर काढून अर्धा तास पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवायचा, जुन्या टूथब्रशने हलकेच घासायचा, साध्या पाण्याने धुवायचा. फ्लोट स्विचचा तरंगता भाग बोटाने वरखाली करून पाहायचा. तो खाली चिकटलेला असेल तर राखीव म्हणून त्याचा काही उपयोग नाही.

आता सॅलिनिटी खालच्या दिशेने का सरकते. स्किमर (फेसाबरोबर घाण काढून कपात जमवणारं यंत्र) ओला, म्हणजे पातळ फेसावर चालवला तर कपात जाणारं पाणी खारं असतं आणि त्याच्या जागी एटीओ गोडं पाणी भरतो. रोज ३०० मिली म्हणजे आठवड्याला २.१ लिटर, म्हणजे सुमारे ७३ ग्रॅम मीठ बाहेर आणि जवळजवळ ०.४ पीपीटीची घट. महिनाभर कुणी मोजलं नाही तर टँक ३३.५ च्या आसपास पोचतो आणि झोआ मिटून बसतात. उपाय सोपा: कपातलं पाणी मोजायचं आणि तेवढंच खारं पाणी हाताने परत घालायचं. खाली गेलेली सॅलिनिटी वर आणतानाही जारमध्ये काही दिवस खारं पाणी भरावं, पण दिवसाला अर्ध्या-एक पीपीटीपेक्षा जास्त चढू देऊ नये.

मोजमापात इंदूरची खास अडचण आहे. हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरची (थेंबभर पाण्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) तापमान-भरपाई बहुधा १० ते ३० अंशांपुरतीच असते, आणि मेच्या दुपारी खोलीच ३६-३७ वर असते. म्हणून सकाळी लवकर मोजा. काचेवर दोन-तीन थेंब, झाकण बुडबुडा न अडकवता बसवायचं, अर्धा मिनिट थांबायचं, मग निळी रेघ वाचायची. शून्यावर आरओच्या पाण्याने जुळवून काम भागत नाही, ३५ च्या प्रमाणित द्रावणानेच जुळवा. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, आयोडीन नसलेलं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. हे रिफ्रॅक्टोमीटरवर समुद्राच्या ३५ पीपीटीइतकंच दिसायला हवं. काम झालं की काच धुऊन पुसा.

पाणी बदलायचं मीठ कपाने न मोजता वजनाने घ्या: २० लिटरला साधारण ७२० ते ७६० ग्रॅम, नक्की आकडा त्या मिठाच्या ब्रँडवर. पावसाळ्यात उघड्या पिशवीतलं मीठ ओल धरतं आणि तेवढ्याच वजनात सॅलिनिटी कमी भरते. आधी पाणी, मग मीठ. उलटं केलं तर कॅल्शियम पांढरं होऊन तळाशी बसतं.

नर्मदेचं पाणी नळाला एक दिवसाआड येतं, म्हणून आरओचं पाणी आधीच साठवून ठेवावं लागतं. स्वयंपाकघरातल्या आरओमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. तो पूर्ण बंद करून पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार धरून ठेवणारं) जोडलं तेव्हा टीडीएस मीटर शून्यावर आला. रोज ४ लिटर घातलं की त्यातलं सगळं टँकमध्येच साठत जातं, तेव्हा इथे कंजुषी नको.

सातव्या महिन्यात पंप मंदावला आणि कंट्रोलर वेळ संपल्याचा इशारा द्यायला लागला. इम्पेलरभोवती बुळबुळीत थर होता, धुतल्यावर पूर्ववत झाला. जारमध्ये कालक्वासर (चुन्याचं पाणी) घालून हाच पंप वापरणाऱ्यांना ही सफाई दर पंधरा दिवसांनी करावी लागेल.