कूलरच्या घरात शिकवायचे व्हिडिओ: कोणता माईक, फळा की पेन टॅबलेट, मोबाईल की डीएसएलआर?

ट्यूशनवाले बरेच जण विचारून राहिले की व्हिडिओसाठी कॅमेरा कोणता घेऊ. माझं मत असं की नागपुरात पैसे आधी माईकवर टाका, कॅमेरा शेवटी पाहू, कारण उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात अन् खिडकीत डेझर्ट कूलर, तो घरघराट मोबाईलच्या आतल्या माईकमध्ये असा शिरते की पोरं दोन मिनिटांत व्हिडिओ बंद करतात, चित्र थोडं धूसर असलं तर चालवून घेतात.

माईकमध्ये वायरचा कॉलर माईक सगळ्यात स्वस्त. त्यातल्या बोया कंपनीच्या बीवाय-एम१ ला ६ मीटर वायर येते, आत एलआर४४ हा बटणासारखा छोटा सेल, चार्जिंगची झंझट नाही, फक्त मोबाईलला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचं कनेक्टर वेगळं घ्या. तो चारही बाजूंचा आवाज घेतो, पण तोंडापासून वीतभर असल्यामुळे तुमचा आवाज कूलरच्या वर राहतो. वायरलेस फळ्यासमोर फिरायला मस्त, पण चार्जिंग विसरलात की लेक्चर गेलं. टेबलावरचा यूएसबी कंडेन्सर, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा बारीक आवाजही पकडणारा माईक, दिसतो भारी, मात्र गल्लीतला भंगारवाला, कुकरची शिट्टी, सगळंच ओढून घेतो, त्यामुळे बंद अन् शांत खोली नसेल तर मी तरी घेणार नाही. आणि बाप्पा, कोणताही माईक घ्या, रेकॉर्डिंगपुरता कूलर बंद ठेवाच, सकाळी सहाला उरकून टाका.

आता लिहायचं कशावर? गणित-फिजिक्सला वहीवर वरून मोबाईल लावणं सगळ्यात सोपं, फक्त उजव्या हाताने लिहिता तर दिवा डावीकडे ठेवा म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. पांढरा बोर्ड ट्यूबलाइटमध्ये चमकतो. पेन टॅबलेट म्हणजे कॉम्प्युटरला जोडायची पाटी, तिच्यावर पेनाने लिहिलं की अक्षर स्क्रीनवर उमटते; हात टेबलावर अन् नजर स्क्रीनवर, सुरुवातीला अक्षर कोंबडीचे पाय दिसते, पण नंतर सोय खूप, ओबीएस स्टुडिओ हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात स्क्रीन अन् आवाज एकत्र रेकॉर्ड होतो. रोज नवीन धडा टाकणार असाल तर हाच घ्या, महिन्याला दोन-चारच व्हिडिओ असतील तर वही पुरे.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. मोबाईलचा मागचा कॅमेरा, १०८० पी, स्टँडवर, बस. जुने बरेच डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबतात, तासाच्या लेक्चरला ते डोक्याला ताप. मोबाईलचंही एक आहे, अ‍ॅपल स्वतःच सांगते की आयफोन ० ते ३५ अंशात वापरा, मग नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, गच्चीखालच्या खोलीत तो तापून मधेच बंद पडला तर नवल नाही, कव्हर काढा, एअरप्लेन मोड लावा. व्हिडिओत ट्यूबलाइटच्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद करा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे.

घ्यायच्या आधी बर्डीवर, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन माईक स्वतःच्या मोबाईलला लावून पहा, तिथल्या गर्दीत तुमचा आवाज नीट आला तर घरी येईलच.