वेण्णा लेक: बोट वल्ह्याची घ्या, तीही तासाभराची

महाबळेश्वरच्या बाजारपेठेतून पाचगणीच्या रस्त्याला लागलं की दोनेक किलोमीटरवर वेण्णा तलाव. बोटीचा धक्का रस्त्याला लागूनच आहे. पायडल बोट घ्यायची की वल्ह्याची, हा प्रश्न तिकीट काढण्याआधीच सोडवा. आमचं मत वल्ह्याच्या बाजूने.

पायडल बोट हलकी असते, वारा तिला सहज ढकलतो. वाऱ्याबरोबर मजेत लांब जाता येतं, पण परतताना पोटऱ्या भरून येतात. घेतलीच तर आधी वाऱ्याच्या तोंडावर जा. वजनदार माणसं एकाच बाजूला बसवू नका. सुकाणूचा दांडा टोकापर्यंत वळवून जोरात पायडल मारले, तर बोट जागीच गोल फिरत राहते. दांडा थोडासाच वळवा. लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून बांधा, नुसतं गळ्यात अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर सरकतं.

वल्ह्याच्या बोटीत नावाडी असतो, त्यामुळे नजर मोकळी राहते. त्याला वरच्या अंगाला, ओढे येऊन मिळतात तिकडे न्यायला सांगा. अर्ध्या तासात घाईच होते. या तलावाची खरी गंमत त्या वरच्या अंगालाच आहे, आणि बहुतेक पर्यटक ती न बघताच परततात.

हा तलाव बांधलेला आहे. साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली वेण्णा नदीचं पाणी अडवून तो करवला. पसारा जेमतेम २८ एकर. भोवतालच्या पठारावर जांभ्याचा, म्हणजे तांबड्या दगडाचा थर आहे, खाली काळा बेसॉल्ट खडक. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पिऊन घेतो. खालच्या घट्ट थराशी ते अडतं आणि उतारावर झऱ्यांनी बाहेर पडतं. म्हणून पावसाळा सरल्यावरही ओढे वाहते राहतात. ओढ्यांबरोबर तांबडी मातीही येते, प्रवाह मंदावला की तिथेच बसते, त्यामुळे वरचं अंग उथळ होत जातं. मे महिन्यात पाणी उतरल्यावर काठाला तांबडा पट्टा उघडा पडतो, तो बघितला की गाळाचा अंदाज येतो. सांडव्यावरून पुढे गेलेली वेण्णा लिंगमळ्याला कड्यावरून कोसळते, कण्हेर धरणात थांबते आणि माहुलीला कृष्णेला मिळते.

भर पावसाळ्यात बोटी बंद असतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम, आणि शनिवार-रविवार टाळाच. महाबळेश्वर-पाचगणी हेच पाणी पितात, तेव्हा खाल्लेल्या कणसाची बुरकुंडं काठावर टाकू नका.

डिसेंबर-जानेवारीत एखादी पहाट राखून ठेवा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उतारांवरची थंड, जड हवा या खोलगटात साचते आणि धक्क्यावरचं, बोटींवरचं दव गोठतं. पाणी मात्र उबदार राहतं, त्यावर वाफा तरंगतात. गावात थंडी बेताची असली तरी इथे हिमकण दिसू शकतात. उन्हं चढायच्या आत पोहोचा आणि फळ्यांवर पाय जपून टाका, त्या भयंकर निसरड्या झालेल्या असतात.