१२७.०.०.१ की ०.०.०.०?

सर्व्हरने डिफॉल्टने ऐकायचं कुठे? फक्त त्याच मशीनवर (१२७.०.०.१), की सगळ्या नेटवर्क इंटरफेसवर (०.०.०.०)? दोन्ही तऱ्हा प्रचारात आहेत. पायथनच्या जँगो फ्रेमवर्कचा रनसर्व्हर १२७.०.०.१ धरतो. जावास्क्रिप्टच्या नोडमधल्या सर्व्हरला पत्ता दिला नाही तर तो सगळीकडे उघडतो, पायथनचा एका ओळीत चालणारा फाइल सर्व्हरही तसाच.

०.०.०.० ची सोय मान्य आहे. फोनवरून साइट बघायची तर ती लगेच उघडते. कंटेनरच्या (ॲप वेगळं, स्वतःच्या नेटवर्कसह चालवणाऱ्या पेटीच्या) आत तर दुसरा इलाजच नाही. तिथे १२७.०.०.१ म्हणजे कंटेनरचा स्वतःचा लूपबॅक, म्हणजे फक्त स्वतःशी बोलायचा पत्ता, मग बाहेरून पोर्ट मॅप करूनही हाती काही लागत नाही. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

तरी माझं मत ठरलं ते दुसऱ्या त्रासामुळे. एका सर्व्हरवर ॲडमिन पॅनेल कंटेनरमध्ये होतं, पोर्ट सरळ ८०८०:८०८० असा मॅप केलेला, म्हणजे ०.०.०.० वर उघडा. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये ८०, ४४३ आणि एसएसएच सोडून सगळं बंद. स्टेटस बघितलं तरी तेच दिसायचं. काही आठवड्यांनी लॉग चाळताना अनोळखी आयपी दिसले. कंटेनरच्या सॉफ्टवेअरने आयपीटेबल्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या पॅकेट-नियमांच्या यादीत, आपले नियम घातले होते. पॅकेट नॅटमध्येच (पत्ता बदलण्याच्या टप्प्यात) वळायचं आणि यूएफडब्ल्यू जिथे पहारा देतो त्या इनपुट चेनपर्यंत पोचायचंच नाही. मॅपिंग १२७.०.०.१:८०८०:८०८० केलं, पुढे एंजिनएक्स हा प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत पोचवणारा सर्व्हर) ठेवला, तेव्हा कुठे पॅनेल बाहेरून दिसायचं थांबलं.

१२७.०.०.१ चुकलं की 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं, शिव्या देत का होईना, पण त्याच संध्याकाळी कळतं. ०.०.०.० चुकलं तर सगळं छान चालत राहतं, तीच तर पंचाईत. रेडिस या डेटाबेसने ३.२ मध्ये प्रोटेक्टेड मोड (पासवर्ड नसेल तर बाहेरची कनेक्शन नाकारणारा) आणला आणि मोंगोडीबी या डेटाबेसने ३.६ पासून डिफॉल्ट लोकलहोस्टवर नेला, ते उगाच नसावं.

पुढचा प्रॉक्सी त्याच मशीनवर असेल तर युनिक्स सॉकेटही (पोर्टऐवजी फाइलमार्फत जोडणी) चालेल, फक्त फाइलच्या परवानग्या सांभाळा.

तुमचं सगळं बंदिस्त नेटवर्कमध्येच चालत असेल तर ०.०.०.० ने कदाचित काही बिघडणार नाही. मी मात्र कोडमध्ये १२७.०.०.१ ठेवतो आणि कंटेनरच्या इमेजमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने ०.०.०.० देतो. आणि हो, 'लोकलहोस्ट' असा शब्द न लिहिता आकडेच लिहा. काही मशीनवर तो शब्द आधी आयपीव्ही६ च्या ::१ कडे जातो, आणि सर्व्हर चालू असूनही प्रॉक्सीला सापडत नाही.